एक कोटी पुरतील का?

पुण्यात कुणी कुणाचा पगार विचारत नाही, पण हा प्रश्न आता उघडपणे विचारला जातो. सारसबागेत सकाळी फिरताना, सोसायटीची मीटिंग संपल्यावर पार्किंगमध्ये उभ्याउभ्या, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या सीए मेहुण्याला: “साठाव्या वर्षी एक कोटी हातात असले तर पुरतील ना रे?” विचारणारा बहुधा पंचेचाळिशीचा असतो. नोकरी खासगी कंपनीत, वाकडच्या नाहीतर कोथरूडच्या फ्लॅटचे हप्ते चालू, मुलगी अकरावीत. मेहुणा जिलबी उचलत म्हणतो, “भागेल रे.”

त्याच्या वडिलांना हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ते पेन्शनीत निघाले, ऑफिसात निरोपसमारंभ झाला, आणि पुढच्या महिन्यापासून पेन्शन खात्यात जमा होऊ लागली. साठवण किती हवी, ती कुठे ठेवायची, किती वर्षं पुरवायची, यातलं काहीच त्यांना ठरवावं लागलं नाही. मुलाला मात्र सगळं ठरवायचं आहे, आणि ते त्याला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून आधी वडिलांकडे काय होतं ते बघू.

१. वडिलांच्या पेन्शनीत काय काय होतं

पुण्याला पेन्शनरांचं शहर म्हणतात ते केवळ हवेमुळे नाही. लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय, खडकी आणि देहूरोडचे संरक्षण खात्याचे कारखाने, १९२८ साली सिमल्याहून इथं आलेलं हवामान खातं, रेल्वे, पोस्ट, विद्यापीठ, झेडपी. एवढ्या सरकारी नोकऱ्या एका गावात म्हटल्यावर निवृत्तही तेवढेच असणार. मुंबईत उमेदीची वर्षं काढून इथं घर घेणारे वेगळेच. नोव्हेंबरात पेठांमधल्या कुठल्याही जुन्या बँकेत जा. हयातीचा दाखला द्यायला रांग लागलेली असते. कानटोपी, प्लॅस्टिकच्या पिशवीत पासबुक आणि पीपीओची लॅमिनेट केलेली प्रत. म्हातारपणात बोटांचे ठसे पुसट होतात, यंत्र ते ओळखत नाही, म्हणून एखादे आजोबा अंगठा धोतराला पुसून तिसऱ्यांदा टेकवत असतात. आता हे काम मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण रांग अजून पुरती सरलेली नाही.

या रांगेतल्या माणसाच्या पेन्शनीत चार गोष्टी एकत्र विणलेल्या आहेत. ती मरेपर्यंत मिळते. ती महागाईबरोबर वाढते. तो गेल्यावर पत्नीला कौटुंबिक पेन्शन सुरू होते. आणि चौथी गोष्ट म्हणजे त्याला काही ठरवावं लागत नाही, त्यामुळे चुकायचीही सोय नाही.

यातली दुसरी गोष्ट सगळ्यात मोलाची, आणि तिच्याकडेच आपलं लक्ष सर्वांत कमी जातं. सातव्या वेतन आयोगानंतर जानेवारी २०१६ मध्ये एखाद्या केंद्रीय निवृत्ताची मूळ पेन्शन २०,००० रुपये ठरली असेल, तर जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला आणि पेन्शन ३०,००० झाली. त्यासाठी त्यानं ना शेअर घेतला, ना कुठला अर्ज केला.

आता मुलाचं बघा. खासगी नोकरीतल्या माणसालाही एक पेन्शन असते, ती १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची. मालकानं भरायच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के तिथं जातात, पण जादा पगारावर पेन्शनचा पर्याय मंजूर झालेले मोजके लोक सोडले तर १५,००० च्या वरचा पगार त्यात मोजलाच जात नाही. सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. पगार लाखाचा असो की दोन लाखांचा, तीस वर्षांच्या नोकरीला १५,००० × ३० ÷ ७० म्हणजे ६,४२८ रुपये. वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्यांना दोन वर्षं बोनस म्हणून मिळतात, ती धरली तर ६,८५७. आणि जो आकडा पहिल्या महिन्यात लागला तोच पंचवीस वर्षांनंतरही. या योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. ती ७,५०० करा म्हणून निवृत्त कामगार वर्षानुवर्षं आंदोलन करत आहेत.

सरकारी नोकरीचं चित्रही बदललं. केंद्रात १ जानेवारी २००४ नंतर आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन राहिली नाही. मार्च २०२३ मधला राज्य कर्मचाऱ्यांचा संप त्यासाठीच होता. केंद्रानं एप्रिल २०२५ पासून नवी एकीकृत योजना आणली आहे. तो वाद इथं नको. आपल्यापुरता मुद्दा एवढाच की वडिलांना एका पाकिटात मिळालेल्या गोष्टी मुलाला सुट्या सुट्या विकत घ्यायच्या आहेत, आणि त्यात महागाई भत्ता बाजारात तयार मिळत नाही. तो घरी बनवावा लागतो.

२. किती वर्षांची तजवीज?

पुण्याचा सर्वांत गाजलेला पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. जून १८१८ मध्ये तो जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि त्याला वर्षाला आठ लाख रुपये ठरले. एवढी मोठी रक्कम कबूल केली म्हणून गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज माल्कमवर नाराज झाला. बाजीराव तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. तो बिठूरला जाऊन राहिला आणि जानेवारी १८५१ पर्यंत जगला. साडेबत्तीस वर्षं कंपनी सरकार पैसे मोजत राहिलं.

पेन्शनर जास्त जगला की देणाऱ्याचा तोटा, घेणाऱ्याचा फायदा. आपल्या साठवणीच्या बाबतीत गंमत अशी की कंपनी सरकारही आपणच आणि बाजीरावही आपणच. दीर्घायुष्याचा तोटा आपल्याच खिशातून भरून काढायचा असतो.

दुसरं उदाहरण अधिक आदरणीय. महर्षी धोंडो केशव कर्वे १८९१ ते १९१४ अशी तेवीस वर्षं फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. निवृत्त झाले तेव्हा वय छप्पन. त्यानंतर त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, भारतरत्न स्वीकारलं आणि ९ नोव्हेंबर १९६२ ला, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी त्यांचं निधन झालं. म्हणजे नोकरी तेवीस वर्षांची आणि निवृत्ती अठ्ठेचाळीस वर्षांची! कर्वे रस्त्यानं रोज ये-जा करणाऱ्यांनी हे प्रमाण अधूनमधून आठवावं.

सगळेच शंभरी गाठत नाहीत. पण ओळखीपाळखीत सहस्रचंद्रदर्शनाची आमंत्रणं किती येतात ते मोजा. “आमच्याकडे सत्तरीच्या पुढे कुणी गेलं नाही” असं म्हणून हिशोब पंधरा वर्षांचा मांडणारे लोक भेटतात. त्यांच्या वाडवडिलांच्या काळी बायपास नव्हता, स्टेंट नव्हता. हिशोब नव्वदीपर्यंतचा धरावा, आणि तोही नवराबायकोत जो लहान असेल त्याच्या नव्वदीपर्यंतचा. नवरा साठीला आणि बायको पंचावन्नला असेल, तर तजवीज पस्तीस वर्षांची.

३. महिन्यांनी भागून बघा

आता कोटीचा प्रश्न. साठ ते नव्वद म्हणजे तीस वर्षं, म्हणजे ३६० महिने. समजा आज कुणी साठ वर्षांचा आहे आणि त्याच्या हातात एक कोटी आहेत. पैशावर मिळणारं व्याज आणि महागाई दोन्ही सारख्याच वेगानं धावतात असं धरू, म्हणजे पैसा वाढतही नाही आणि झिजतही नाही. मग एक कोटी भागिले ३६०, उत्तर सुमारे २७,८०० रुपये. आजच्या भावानं महिन्याला एवढ्यात त्याला तीस वर्षं काढता येतील, आणि तीस वर्षांनी खातं रिकामं होईल.

गुंतवणूक जरा चांगली जमली आणि महागाईपेक्षा दोन टक्के जास्त मिळाले, तर हाच आकडा ३७,००० च्या आसपास जातो. घर स्वतःचं असेल आणि तब्येतीनं साथ दिली, तर पुण्यात दोघांचं एवढ्यात बेतानं भागतं.

पण पंक्तीतला आपला माणूस आज पंचेचाळीसचा आहे. त्याला कोटी मिळणार पंधरा वर्षांनी. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर तेव्हाच्या एक कोटीत आजच्या ४१ लाख ७० हजारांचाच माल येईल. त्याला ३६० नं भागा: ११,६०० रुपये. मेहुण्याचं “भागेल रे” इथं फसतं.

हिशोब उलटा करणं जास्त उपयोगाचं. आजचा महिन्याचा खर्च काढा, त्याला ३६० नं गुणा. खर्च मात्र अंदाजानं सांगू नका, तीन महिने वहीत लिहून बघा. निवृत्तीनंतर त्यातल्या काही ओळी खोडल्या जातात: घराचा हप्ता, क्लासची फी, ऑफिसला जाण्याचं पेट्रोल. काही तशाच राहतात: दूध, किराणा, वीज, कामवाल्या मावशी, सोसायटीचा मेंटेनन्स. आणि आज ज्या ओळी वहीत नाहीत त्या येऊन बसतात: रक्तदाबाच्या गोळ्या, दातांचा डॉक्टर, कानाचं यंत्र, आणि कधीतरी दिवसपाळी-रातपाळीच्या आया. बेरीज ४०,००० आली तर गुणाकार १ कोटी ४४ लाख. हे आजचे रुपये. पंधरा वर्षांनंतरच्या रुपयांत तेच सुमारे साडेतीन कोटी.

आकडा वाचून धस्स होतं, पण तो कोऱ्या पाटीवर उभा करायचा नसतो. फंडात आधीच काही लाख साठलेले असतात, ग्रॅच्युइटी येते, बायकोची कमाई असते, एखादा गाळा किंवा फ्लॅट भाड्यानं दिलेला असतो. या सगळ्याची वजाबाकी करून जी तूट उरते तिचाच विचार करायचा आहे. ग्रॅच्युइटीचा अंदाज सोपा आहे: शेवटचा मूळ पगार, त्याला १५ नं गुणा, २६ नं भागा, नोकरीच्या वर्षांनी गुणा. मूळ पगार ४०,००० आणि नोकरी तीस वर्षांची असेल तर ६ लाख ९२ हजार. मात्र पाच-पाच वर्षांनी कंपन्या बदलल्या असतील तर ती तुकड्यातुकड्यानं मिळते, आणि खर्चही तशीच होते.

४. फंडाला हात

तुटीचं औषध म्हणजे वेळ, आणि वेळेचं मोल आकड्यांशिवाय पटत नाही. एकीनं पंचविसाव्या वर्षी महिन्याला ५,००० रुपये गुंतवायला सुरुवात केली, दुसरीनं चाळिसाव्या. दोघींना वर्षाला सरासरी १० टक्के मिळाले असं समजू. साठाव्या वर्षी पहिलीकडे सुमारे १ कोटी ९० लाख असतील, दुसरीकडे सुमारे ३८ लाख. पहिलीनं दुसरीपेक्षा खिशातून फक्त ९ लाख जास्त घातले. बाकीचे १ कोटी ४३ लाखांच्या आसपासचे पैसे त्या पंधरा वर्षांनी कमावले, कारण व्याजावर व्याज चढायला तेवढा जास्त काळ मिळाला.

हे हिंजवडीतल्या पोरांना सांगायला जावं तर ते मान डोलावतात आणि नोकरी बदलताना फंड काढून बुलेट घेतात. भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ या वर्षाला ८.२५ टक्के व्याज मिळालं. एवढ्या सुरक्षिततेत एवढा दर दुसरीकडे सहसा मिळत नाही. नोकरी बदलली की जुनं खातं नव्याला जोडायचं, मोडायचं नाही. मोडण्यात आणखी एक नुकसान आहे. वर सांगितलेली छोटी पेन्शन मिळायला किमान दहा वर्षांची नोकरी लागते, आणि दर वेळी पैसे काढून घेतले की मोजणी पुन्हा शून्यापासून.

पगारवाढीचा काही भाग हातात पडायच्या आधीच वळवणं हा दुसरा उपाय. पगार ५,००० नं वाढला तर एसआयपी २,००० नं वाढवायची. वाढलेल्या पगाराची सवय घराला फार लवकर लागते, ती लागण्याआधी.

चाळिशी उलटलेल्यांनी निराश व्हायचं कारण नाही. त्यांच्याकडे वेळ कमी, पण पगार जास्त असतो. शिवाय साठीनंतर आणखी तीन-चार वर्षं अर्धवेळ काम केलं तर दुहेरी फायदा: साठवण तेवढा काळ शाबूत राहते आणि भागाकारातले महिनेही कमी होतात. पुण्यात शिकवण्या, हिशेबनिशी, सल्लागारी अशी कामं साठीच्या माणसाला मिळतात. त्यात कमीपणा कसला?

५. व्याज खाताय की मुद्दल?

“मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजावर जगायचं.” आपल्याकडचं हे घरोघरचं शहाणपण. ते निम्मंच खरं आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. पोस्टात किंवा बँकेत खातं उघडता येतं, साठ पूर्ण झालेल्या माणसाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात, व्याज ८.२ टक्के, दर तिमाहीला खात्यात जमा. सरकार नव्या खात्यांचा दर तीन महिन्यांनी ठरवतं, पण आपण खातं उघडू त्या दिवशीचा दर पाच वर्षं टिकतो. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५००. छान वाटतं. पण महागाई ६ टक्के असेल तर ८.२ मधले ६ टक्के हे व्याज नव्हेच, ती मुद्दलाची झीज भरून काढण्याची रक्कम आहे. तीही आपण खाऊन टाकली तर पासबुकात मुद्दल ३० लाखच दिसत राहतं आणि बाजारात मात्र ते विरघळत जातं.

किती वेगानं? ७२ ला महागाईच्या दरानं भागा. ७२ भागिले ६ म्हणजे १२ वर्षं. बारा वर्षांत भाव दुप्पट होतात. साठाव्या वर्षी २०,५०० मध्ये जे येत होतं ते बहात्तराव्या वर्षी निम्मंच येईल, आणि चौऱ्याऐंशीव्या वर्षी चतकोर.

वर व्याजदरही कायम राहत नाहीत. पीपीएफवर १९८६ पासून १२ टक्के मिळत होते. जानेवारी २००० पासून कपात सुरू झाली आणि मार्च २००३ मध्ये दर ८ टक्क्यांवर आला. एप्रिल २०२० पासून तो ७.१ आहे. १९९९ साली “बारा टक्क्यांनी आरामात भागेल” असा हिशोब करून कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्यांचं उत्पन्न चार वर्षांत तिसऱ्या हिश्शानं खाली आलं. खर्च काही खाली आला नाही.

तर घरचा महागाई भत्ता कसा बनवायचा? त्या २०,५०० पैकी पहिल्या वर्षी ११,००० च्या आसपासच खर्चायचे. उरलेले बाजूला पडून वाढू द्यायचे. दर वर्षी खर्चाची रक्कम ६ टक्क्यांनी वाढवायची. काही वर्षांनी खर्च व्याजाच्या पुढे जाईल, तेव्हा ही बाजूची रक्कम आणि शेवटी मुद्दलही मदतीला येईल, आणि सगळं मिळून तीस वर्षं पुरेल. हा हिशोब करापूर्वीचा आहे आणि दर तोच राहील असं धरून केलेला आहे, त्यामुळे थोडा हात राखूनच वागावं. २०,५०० मिळत असताना ११,००० खर्चणं कठीण जातं खरं. ते न करणाऱ्याला पुढे मुलाकडे मागावं लागतं, आणि ते जास्त कठीण जातं.

६. खडकवासला साखळी

फक्त ठेवींवर हा भत्ता नीट उभा राहत नाही, कारण त्या महागाईच्या जेमतेम पुढे असतात. साठवणीचा काही भाग शेअर बाजाराशी जोडलेला हवा. इथं पुणेकर पेन्शनर दचकतो. दचकणं रास्त आहे: जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या आसपास असलेला सेन्सेक्स त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८,००० च्याही खाली जाऊन आला. त्या महिन्यात ज्याला औषधपाण्यासाठी युनिट विकावे लागले, त्याचं नुकसान कायमचं झालं. ज्याला विकावे लागले नाहीत, त्याची पातळी दोन-अडीच वर्षांत परत आली.

सारी युक्ती “विकावे लागले नाहीत” या तीन शब्दांत आहे, आणि ती पुण्याच्या पाणीपुरवठ्यात रोज वापरली जाते. शहर पाणी उचलतं ते खडकवासल्यातून. पण खडकवासला धरण लहान, जेमतेम दोन टीएमसीचं. ते भरत राहतं वरच्या धरणांमुळे: पानशेत साडेदहा टीएमसीच्या वर, वरसगाव जवळजवळ तेरा, टेमघर पावणेचारच्या आत. खालच्यात कमी झालं की वरून सोडायचं. पाऊस चांगला झाला की वरची भरून घ्यायची.

साठवणीची अशीच तीन ठिकाणं करा. दोन वर्षांचा खर्च बचत खात्यात आणि छोट्या मुदतीच्या ठेवींत, हा खडकवासला. त्यानंतरच्या आठ-दहा वर्षांचा खर्च ज्येष्ठ नागरिक योजना, पोस्टाची मासिक उत्पन्न योजना, मोठ्या बँकांच्या ठेवी यांत. आणि जो पैसा दहा वर्षं लागणारच नाही तो इंडेक्स फंडासारख्या साध्या, स्वस्त म्युच्युअल फंडात. बाजार वर असेल त्या वर्षी तिथून काही रक्कम खाली सोडायची. बाजार पडला असेल तर वरच्या धरणाचं दार बंद ठेवायचं आणि खालच्या दोनवर काढायचं.

किती भाग वर ठेवावा? एक कोटीच्या साठवणीत साठीच्या माणसानं तीस-चाळीस लाख ठेवले तर मला ते धाडस वाटत नाही. एक रुपयाही न ठेवणाऱ्याला लोक सावध म्हणतात. चौऱ्याऐंशीव्या वर्षीच्या चतकोराचं गणित कळल्यावर मी म्हणणार नाही. आणि ओळखीच्या ब्रोकरच्या टिपेवर पंच्याहत्तरीत ट्रेडिंग करणाऱ्यांबद्दल बोलायला हे पुस्तक पुरणार नाही.

७. दीड टक्का जास्त

रुपी बँक १९१२ साली पुण्यात सुरू झाली. पेठांतल्या तीन पिढ्यांची खाती तिथं होती. शाखेत माणसं नावानं ओळखायची, आणि ज्येष्ठांना व्याज थोडं जास्त. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना स्वतःचे पैसे काढता येईनात. ऑगस्ट २०२२ मध्ये परवानाच रद्द झाला. साडेनऊ वर्षं. निवृत्त माणसाच्या आयुष्यातली साडेनऊ वर्षं म्हणजे काय, हे त्या काळात ठेवीदारांच्या बैठकांना गेलेल्यांना विचारा. शिवाजीराव भोसले बँकेचा परवाना मे २०२१ मध्ये, पिंपरीच्या सेवा विकास बँकेचा ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाला.

ठेव विम्याचं संरक्षण १९९३ पासून एक लाखाचं होतं, फेब्रुवारी २०२० पासून ते पाच लाखांचं झालं. बारकावा असा की ही मर्यादा एका बँकेतल्या एका माणसाला मिळून आहे, व्याजासकट. डेक्कनच्या शाखेत चार आणि सिंहगड रोडच्या शाखेत चार ठेवले तर संरक्षण पाचच लाखांना. पतसंस्थांना हा विमा लागूच नाही. बिल्डरांनी आणि कंपन्यांनी घेतलेल्या ठेवींनाही नाही. डी. एस. कुलकर्णी समूहाच्या ठेवी मुदत संपूनही परत मिळाल्या नाहीत म्हणून २०१७ मध्ये तक्रारी दाखल झाल्या आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये कुलकर्णींना अटक झाली. ठेवीदारांत निवृत्तांचा भरणा मोठा होता.

पाच लाखांवर दीड टक्का जास्त म्हणजे वर्षाला साडेसात हजार रुपये. एवढ्यासाठी पाच लाख टांगणीला लावायचे का, हा प्रश्न प्रत्येक वेळी असाच, रुपयांत विचारावा. टक्क्यांत विचारला की उत्तर चुकतं.

८. भिंतीतला पैसा

पुण्यातल्या कितीतरी निवृत्तांची परिस्थिती अशी: कोथरूडला किंवा सहकारनगरला दीड कोटीचा फ्लॅट आणि हातखर्चाला ओढाताण. त्यात आता पुनर्विकास. चाळीस वर्षांपूर्वीची तीन मजली इमारत पाडून तिथं बारा मजले होतात, जुन्या सभासदाला जागा वाढवून मिळते, काम चालू असेपर्यंत भाडं मिळतं, काही ठिकाणी सोसायटीला कॉर्पस मिळतो. सगळे खूश. नंतर नव्या इमारतीचा मेंटेनन्स येतो: दोन लिफ्ट, जनरेटर, रखवालदार, जिम. जुन्या इमारतीत महिन्याला हजार-बाराशे भरणाऱ्याला तो कित्येक पट होतो, आणि तो दर वर्षी वाढतो. म्हणून पुनर्विकासाच्या बैठकीत चटई क्षेत्राइतकंच “नंतर महिना किती?” हेही विचारावं, आणि वाढीव जागेऐवजी पैसे मिळणार असतील तर त्याचाही विचार करावा. तीनशे चौरस फुटांची जास्तीची खोली औषधांची बिलं भरत नाही.

घर न विकता त्यातून पैसा काढायची एक सोय राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनं २००७ मध्ये आणली, ती म्हणजे उलटं गृहकर्ज. साठीच्या पुढच्या मालकाला बँक दरमहा रक्कम देते, घरात शेवटपर्यंत राहता येतं, आणि पश्चात घर विकून किंवा वारसांनी फेडून कर्ज मिटतं. आपल्याकडे ते फारसं रुजलं नाही. मुलांना काय वाटेल, हे एक कारण आणि बँकांचा निरुत्साह हे दुसरं. त्यापेक्षा मोठं घर विकून लहानात जाणं, किंवा ‘अथश्री’सारख्या ज्येष्ठांच्या वसाहतीत राहायला जाणं पुण्यात जास्त दिसतं.

हयातीतच घर मुलाच्या नावानं बक्षीसपत्र करून देणाऱ्यांनी मात्र थांबावं. द्यायचंच असेल तर पत्रात सांभाळ करण्याची अट स्पष्ट लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे, ती अट पाळली नाही तर प्रांताधिकाऱ्यांसमोरच्या न्यायाधिकरणाकडून व्यवहार रद्द करून घेता येतो. अट नसेल तर वाट बिकट.

९. दुखणं

आरोग्य विमा नोकरीत असतानाच स्वतःचा वेगळा घ्यावा. कंपनीचा विमा निरोपसमारंभाबरोबर संपतो, आणि साठीत नवा घेताना मधुमेह-रक्तदाब आधीच नोंदलेले असतात. एप्रिल २०२४ पासून वयाच्या अटीवर विमा नाकारता येत नाही आणि आधीच्या आजारांची प्रतीक्षा तीन वर्षांपेक्षा जास्त लावता येत नाही, पण हप्ता भारी पडतोच. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान योजनेत कुटुंबागणिक वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे, उत्पन्नाची अट नाही. कार्ड काढून ठेवावं. आपल्या घराजवळची कोणती रुग्णालयं यादीत आहेत ते दुखणं येण्याआधीच बघावं.

१०. मागे राहणाऱ्याची पेन्शन

बाजीरावाची पेन्शन त्याच्याबरोबर संपली. दत्तक पुत्र नानासाहेबांनी अर्ज केले, १८५३ मध्ये अजीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं, पण उत्तर नकाराचंच आलं. करार एका माणसापुरता होता.

विमा कंपन्यांच्या पेन्शन योजना, ज्यांना अ‍ॅन्युइटी म्हणतात, तशाच असतात. एकरकमी पैसे द्यायचे आणि आयुष्यभर ठरलेली रक्कम घ्यायची. राष्ट्रीय पेन्शन योजनेतून बाहेर पडतानाही जमा रकमेतला काही हिस्सा तिच्यात घालावा लागतो. अर्जावर पर्यायांची यादी असते आणि सगळ्यात मोठा आकडा “फक्त स्वतःच्या हयातीत” या ओळीपुढे दिसतो, म्हणून घाईत तिथंच खूण केली जाते. नवराबायको दोघांच्या हयातीचा पर्याय घेतला तर महिन्याला थोडं कमी मिळतं. बायकोला स्वतःची पेन्शन नसेल, तर तोच घ्यावा.

आणि कागद. वारसनोंद म्हणजे नॉमिनेशन केलं की झालं, असा समज आहे. बँकेनं पैसे कुणाच्या हाती द्यायचे एवढंच त्यातून ठरतं. ते पैसे कुणाचे, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदारांच्या समोर सही आणि त्यांच्या सह्या एवढं पुरतं. वय जास्त असेल तर त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. ज्यांना वाटा मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. आणि साक्षीदार वयानं आपल्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान असावेत. रोज सकाळी बरोबर फिरायला येणाऱ्या मित्राची सही सहज मिळते, पण कागद बाहेर काढायची वेळ येते तेव्हा तोही हयात असतोच असं नाही.